नितळ, पण निर्मळ नव्हे

शालेय विज्ञान प्रदर्शनात सांडपाणी शुद्धीकरणाची एक प्रतिकृती हमखास असते. बूड कापून उलटी टांगलेली प्लास्टिकची बाटली, तिच्यात खडी, वाळू आणि कोळशाचे थर. वरून मातकट पाणी ओतले की खालून नितळ पाणी ठिबकते. शेजारी नद्या वाचवण्याचे आवाहन करणारा तक्ता असतो. आमचा आक्षेप प्रतिकृतीला नाही, तिला दिलेल्या नावाला आहे.

प्रतिकृती दाखवते ते खोटे नाही. तरंगता गाळ थरांत अडकतो. पिण्याच्या पाण्याच्या केंद्रातही वाळूच्या गाळण्या असतात. पण सांडपाण्याचा मुख्य दोष गढूळपणा नव्हे. त्यात मलमूत्र, खरकटे, साबण यांतले सेंद्रिय पदार्थ मिसळलेले असतात आणि त्यांतला मोठा भाग विरघळलेला असतो. तो वाळूतून सरळ पार होतो. नदीतले जिवाणू हे पदार्थ खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. या मागणीचे माप म्हणजे बी.ओ.डी.

थोडा हिशेब करू. घरगुती सांडपाण्याची बी.ओ.डी. लिटरला सुमारे 250 मिलिग्रॅम धरू. 30 अंश सेल्सियसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम 7.5 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी 33 लिटर नदीचा प्राणवायू संपवू शकते. पन्नास हजार वस्तीच्या गावात माणशी 135 लिटर पाणी पुरवले आणि त्यातले 80 टक्के गटारात गेले, तर रोज 54 लाख लिटर सांडपाणी निघते. त्याची मागणी भागवायला सुमारे 18 कोटी लिटर पाण्यातला प्राणवायू लागेल. वाहती नदी हवेतून प्राणवायू परत घेत असते हे खरे. पण उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात ही भरपाई फार मंद होते. मग मासे मरतात आणि पाण्याला कुजका वास येतो.

रोगजंतूंचेही तसेच. 2012 मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पाण्यावाटे काविळ पसरवणारे विषाणू वाळूच्या कणांमधील फटींपेक्षा हजारो पटींनी लहान असतात. त्यांना निव्वळ गाळणे अडवू शकत नाही.

खऱ्या केंद्रात निवळण टाकीत बी.ओ.डी.चा साधारण एक-तृतीयांश भाग जातो. पुढचे काम जिवाणूंचे. टाकीत हवा सोडून त्यांना पोसायचे, खाऊन वाढलेला जिवाणूंचा गाळ खाली बसू द्यायचा आणि त्यातला काही पुन्हा टाकीत आणायचा. ही 'सक्रिय गाळा'ची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये मँचेस्टरला मांडली. नदीत घडणारेच काम इथे टाकीत, काही तासांत उरकते. मात्र हवेचे यंत्र थांबले की जिवाणू गुदमरतात. वीज आणि देखभाल हा या शुद्धीकरणाचा प्राण आहे.

म्हणूनच चुकीच्या नावाची किंमत मोठी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. उभारलेली क्षमता 31,841 दशलक्ष लिटरची होती, प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती 20,235 दशलक्ष लिटरवर. केंद्र बांधले म्हणजे नदी वाचली असे नव्हे. पण ज्याच्या मनात वाळूची बाटली बसली आहे, तो नागरिक केंद्राचे उद्घाटन पाहून समाधान मानेल. हवेचे यंत्र रोज किती तास चालते, हे विचारणार नाही.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. बाटली तशीच ठेवा, प्रयोग एक पायरी पुढे न्या. बागेतली माती कालवलेल्या पाण्याचे दोन भाग करा आणि एकात चिमूटभर साखर विरघळवा. दोन्ही वेगवेगळ्या वाळूतून गाळा. गाळलेली पाणी सारखीच दिसतील. ती दोन छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरा, प्रयोगशाळेतल्या मेथिलीन ब्ल्यूचे एक-दोन थेंब टाकून फिकट निळा रंग आणा, बुचे लावा आणि उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा. साखरेच्या बाटलीतला प्राणवायू जिवाणू आधी संपवतात आणि तिचा निळा रंग आधी उडतो; याला एक-दोन दिवस लागू शकतात. कोणतेही पाणी चाखू मात्र देऊ नका.

रंग उडालेली ती बाटली प्रदर्शनात नितळ पाण्याशेजारी ठेवा. 'पाणी स्वच्छ दिसतंय, मग बिघडलं कुठे?' असे एखाद्या मुलाने विचारले, की खरा धडा सुरू होईल.