माळ्याचा पोरगा आणि राजाची अट

'पाताळभैरवी' (१९५१) बघताना सगळ्यांचं लक्ष मांत्रिकाकडे जातं. एस. व्ही. रंगाराव तेव्हा ३२ वर्षांचे होते, पण ती दाढी, ते वटारलेले डोळे आणि रेंगाळत बोलणं बघून वय विचारायची हिंमत होत नाही. तरी मला विचाराल तर या सिनेमातला खरा घातक माणूस राजा आहे.

उज्जैनच्या माळ्याचा पोरगा तोट रामुडू (एन. टी. रामाराव) राजकन्या इंदुमतीच्या प्रेमात पडतो. तोट म्हणजे बाग. दुधनीत ज्याच्या कानावर रोज कन्नड पडतं त्याला हे सांगायला नको. पोराच्या नावालाच धंदा चिकटलाय. इंदुमतीलाही तो हवा आहे. अडतं फक्त राजाच्या अटीवर: आधी श्रीमंत होऊन ये.

दिग्दर्शक के. व्ही. रेड्डींचा हा तेलुगू सिनेमा १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला होता. अल्लाउद्दीनच्या गोष्टीशी त्याचं नातं उघड आहे. पण मराठी घरांना तो ओळखीचा वाटतो 'चांदोबा'मुळे. हा सिनेमा काढणारे विजया प्रॉडक्शन्सचे नागी रेड्डी आणि चक्रपाणी हेच 'चंदामामा'चे जनक, आणि त्याची मराठी आवृत्ती म्हणजे १९५२चा 'चांदोबा'. तेच महाल, तेच राक्षस, तोच पागोट्यांचा थाट. (फोनवर शोधताना जितेंद्रचा १९८५चा हिंदी 'पाताल भैरवी' समोर येईल. तो सोडा.)

गाणी पुढे ढकललीत तरी चालेल, गुहेचा भाग मात्र ढकलू नका. मांत्रिकाला देवीपुढे एका शूर तरुणाचा बळी द्यायचाय, म्हणून तो रामुडूला धनाची लालूच दाखवून आणतो. कुंडातल्या मगरीला मारल्यावर तिच्यातून शापमुक्त झालेली बाई प्रकट होते आणि रामुडूला सावध करते. मग रामुडू मांत्रिकाचाच बळी देतो. देवी तितकीच प्रसन्न होते, मूर्ती याच्या हातात येते! मान कोणाची, याच्याशी तिला देणंघेणं नाही. लहान मुलांच्या सिनेमात एवढं थंड डोकं मी क्वचित पाहिलंय.

मूर्तीच्या जोरावर महाल उभा राहतो आणि राजा लगेच लग्नाला तयार. एवढा पैसा आला कुठून, हे तो विचारत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेले तरुण घोड्यावरून कलेक्टर ऑफिसवर गेले होते. मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदान कायदा कडक राबवा, अशी त्यांची मागणी होती. तेव्हा मोबाइलवर त्यांची चेष्टा खूप झाली. पण जमीन किती, नोकरी सरकारी का, ही विचारपूस आपल्याकडे घरोघर चालते. मुलीने स्वतः अट घातली तर तो तिचा हक्क. इथे इंदुमतीला कोणी विचारलेलंच नाही.

उत्तरार्ध जरा रेंगाळतो. मेलेला मांत्रिक संजीवनीने उठतो, मूर्ती चोरली जाते, महाल नाहीसा होतो, इंदुमतीही. आता रामुडूकडे पुन्हा काहीच नाही, फक्त मित्र अंजी. तो चेल्याचं सोंग घेऊन मांत्रिकाला त्याची दाढीच उतरवायला लावतो. सगळी शक्ती त्या दाढीत! हा सीन घरात सगळ्यांनी मिळून बघावा असा आहे. मांत्रिक संपतो, दोघं उज्जैनला परततात, लग्न लागतं. त्या अटीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, रामुडूसुद्धा.