सागरमाळावरचं विद्यापीठ वाचताना

संस्थेचा स्वभाव ओळखायचा असेल तर तिचे सुरुवातीचे निर्णय बारकाईने वाचावेत. कोल्हापूरच्या सागरमाळावरचं शिवाजी विद्यापीठ त्या दृष्टीने पुनःपुन्हा वाचावं असं आहे.

१८ नोव्हेंबर १९६२. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांगला इथे आपले जवान चिनी फौजेशी झुंजत होते. अशा घडीलाही राष्ट्रपती कोल्हापूरला आले, हे मला फार मोलाचं वाटतं. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाईंनी या विद्यापीठासाठी मोठा जोर लावला होता. तोवर इथल्या राजाराम कॉलेजच्या पोरांना पदवी आधी मुंबईची, मग पुण्याची मिळायची.

पहिले कुलगुरू निवडले तेही इतिहासकार: डॉ. आप्पासाहेब पवार. त्यांनी संपादित केलेली 'ताराबाईकालीन कागदपत्रे' विद्यापीठानेच छापली. माझ्या मते, या विद्यापीठाची खरी ओळख इथेच पटते. राजाराम महाराज १७०० साली गेले आणि पुढची सात वर्षं त्यांच्या राणी ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली. ही कथा पोवाड्यासारखी सांगता आली असती. कागदांतून मात्र रोजचा राज्यकारभार दिसतो. कुणाला कौल, कुणाला इनाम, कुठे वतनाचा तंटा. युद्ध चालू असतानाही गावगाडा कसा चालवावा लागतो, ते त्यांतून उमगतं. थोर पुरुषाचं नाव घेतलेल्या संस्थेने जयजयकाराआधी पुरावे गोळा करावेत, याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

दुसरा वाचनीय भाग म्हणजे 'कमवा आणि शिका' ही योजना. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत रुजलेला हा विचार इथल्या मातीला परका नव्हताच. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगं काढली, ती याच गावात. विद्यापीठाच्या आवारात या योजनेतली मुलं कार्यालयांत काही तास काम करतात आणि उरलेल्या वेळात एम.ए., एम.एस्सी. करतात. पगारातून खानावळ भागते, घरी हात पसरावा लागत नाही. सकाळी फायली लावणारा मुलगा दुपारी त्याच आवारात विद्यार्थी म्हणून बाकावर बसतो; कामाची लाज वाटायला तिथे जागाच उरत नाही.

ही मुलं राहतात त्या विद्यार्थी भवनाला नाव आहे डॉ. आप्पासाहेब पवारांचं. मोडीतले कागद लावणाऱ्या कुलगुरूंचं नाव शोभावं अशी याहून योग्य इमारत आवारात दुसरी नाही.