लांडगा, विषाची कुपी आणि आचारी

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आयुष्यभर कान्ट शिकवणारा माणूस सत्तरी ओलांडल्यावर मुलांच्या खेळाबद्दल काय बोलणार? पण हा खेळ मी चार सुट्ट्या शेजारी बसून बघितला आहे, आणि नीतिशास्त्राच्या तासाला मुलं इतकी जीव तोडून भांडलेली मला आठवत नाहीत.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर, तो जग उभं करतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवतात. बस्स, एवढंच.

आज या खेळातल्या दोनच गोष्टी घेऊ: सोबतीचा प्राणी आणि विष. या दोन एकत्र का? कारण दोन्हींत एक साम्य आहे. तलवार चालवणारा समोर उभा असतो. विष घालणारा मात्र तिथून निघून गेलेला असतो. प्राण्याला पाठवणाराही मागे झाडाआड थांबलेला असतो. काम होतं, पण हात आपला नसतो. मग केलं कोणी? तत्त्वज्ञानातला हा जुनाच प्रश्न आहे, आणि खेळाच्या पुस्तकांनी तो नीट हाताळलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी पुस्तकांचा हिशेब बघा. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत साध्या विषाची एक कुपी १०० सुवर्णमुद्रांना मिळते. ती एका शस्त्राला किंवा तीन बाणांना पुरते आणि मिनिटभरात वाळते. समोरचा तग धरू शकला नाही, तर चार बाजूंच्या फाशावर जो आकडा पडेल तेवढं नुकसान. त्याच पुस्तकात राखणीचा दांडगा कुत्रा २५ मुद्रांना आहे. म्हणजे एका कुपीच्या पैशात चार कुत्रे! आणि रेंजर नावाच्या रानवाटाड्याचा सोबती प्राणी मेला तर? आठ तास बसून दुसऱ्या प्राण्याशी मंत्राने नातं जोडायचं, की झालं. सुतक नाही, काही नाही.

याच रेंजरच्या प्राण्याबद्दल खेळाडूंची मोठी ओरड होती. लढाईत तो हुकमाशिवाय हल्ला करत नसे, आणि हुकूम द्यायचा तर रेंजरची स्वतःची पाळी खर्ची पडे. २०२० साली ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात त्यावर पर्याय आला. हुकूम स्वस्त झाला, आणि मेलेला प्राणी तासाभराच्या आत थोडी मंत्रशक्ती खर्चून उठवता येऊ लागला. खेळ सोपा झाला, हे मान्य. पण प्राणी गमावण्याचं उरलंसुरलं दुःखही त्यात गेलं. सोबती म्हणायचं आणि हत्यारासारखं दुरुस्त करून वापरायचं, हे मला पटत नाही.

विषाची गोष्ट आणखी गमतीची. तिसऱ्या आवृत्तीतल्या पॅलाडिनला, म्हणजे व्रतस्थ योद्ध्याला, विष वापरायला बंदी होती, कारण ते सन्मानाला धरून नाही. ठीक. पण २००३ सालच्या ‘बुक ऑफ एक्झॉल्टेड डीड्स’ या पुस्तकाने एक पाऊल पुढे टाकलं. विषाने विनाकारण यातना होतात म्हणून ते वाईट, असं सांगितलं. आणि सज्जनांसाठी विषासारखीच द्रव्यं दिली, जी फक्त दुष्टांना बाधतात! यातना वाईट असतील तर त्या दुष्टालाही वाईटच. आणि दुष्टाला चालत असतील, तर मुळात बंदीचं कारण यातना हे नव्हतंच. नाव बदललं म्हणून बाटलीतलं द्रव्य बदलत नाही.

खरं कारण मला कान्टकडे सापडतं. १७९५ सालच्या ‘शाश्वत शांती’ या निबंधात मारेकरी आणि विषप्रयोग करणारे युद्धातही वापरू नयेत, असं तो बजावतो. का? यातना होतात म्हणून नव्हे. उद्या तह करायचा तर शत्रूवर थोडा तरी विश्वास ठेवता आला पाहिजे, आणि असले उपाय तो विश्वासच मारतात.

आता नातीच्या टेबलावर या. तिचा रेंजर, त्याचा लांडगा. समोर गढी, दारावर राखणीचे कुत्रे. एका मुलाने बेत मांडला: मांसाला विष लावायचं आणि लांडग्याने ते तोंडात धरून दारापाशी टाकायचं. बेत चलाख होता, सगळे खूश. नात म्हणाली, “आणि वाटेत त्यानेच खाल्लं तर?” मुलगा म्हणाला, “हुकमाशिवाय तो काही करत नाही, पुस्तकात लिहिलंय.” तो नियम लढाईतल्या पाळ्यांसाठी आहे, पण त्याने नेमका धरला. डंजन मास्टर झालेली मुलगी शांतपणे म्हणाली, “लांडगा आहे तो. काल रात्रीपासून उपाशी आहे.”

टेबल गप्प झालं. माझ्या मते खेळ तिथे सुरू झाला. तोवर लांडगा म्हणजे चार पायांची पिशवी होता. आता त्याला भूक होती. बेत बदलला. नातीने लांडग्याला टेकडीवर नेऊन नुसतं हुकायला लावलं. कुत्रे पिसाळले, पहारेकरी तिकडे धावले. लांडग्याने जे केलं ते लांडग्यानेच करावं असं होतं. कल्पकता म्हणतात ती ही. नियमातली फट शोधणं ही हुशारी खरी, पण त्यासाठी लांडगाच कशाला हवा?

विषाचं काय झालं? त्या मुलाने कुपी ओतून टाकली आणि रिकामी कुपी गढीच्या मुदपाकखान्यात ठेवून दिली. गढीच्या सरदाराने जेवण लाथाडलं, आचाऱ्याला तळघरात कोंडलं, लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागले. एक थेंबही कोणाच्या पोटात गेला नाही आणि अख्खी गढी नासली. मी मनात म्हटलं, कान्टचा मुद्दा या पोराने तीस वर्षं शिकवणाऱ्या माझ्यापेक्षा सोप्या रीतीने समजावून दिला.

मुलं जिंकली, टाळ्या झाल्या. फासे गोळा करताना नातीने विचारलं, “त्या आचाऱ्याचं काय?” कोणी म्हणालं, “अगं, तो खोटा आहे.” ती म्हणाली, “कोंडलं तर आपणच ना?”

पुढच्या रविवारी चार तास खेळ झाला. त्यात खजिना नव्हता, राक्षस नव्हता. पाच जण एका आचाऱ्याला सोडवायला परत गेले होते. लांडगाही होता बरोबर. त्याला आधी पोटभर खायला घातलं होतं.

आज एवढंच. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे आपल्याकडे.