खोडा आणि कायदा

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ मी वर्गात शिकवतो. सासरचा जाच सोसेना म्हणून पळालेल्या सुनेला परत आणून तिच्या पायात लाकडी खोडा घालीत, हे वर्णन आले की वर्ग गप्प होतो. आपली समीक्षा मात्र हे पान जातीच्या दुःखात जमा करून मोकळी होते. तो खोडा गावाने घातला नव्हता, आपल्याच घराने घातला होता. गुलामाने घरात आपला गुलाम शोधला, हे बेबीताईंचे सांगणे आपण ऐकलेच नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या मोकळेपणी बोलल्या, ते २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बाईला राहत्या घराचा हक्क देतो, संरक्षण आदेश देतो. आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी कोणीतरी आधी बोलले पाहिजे. घरातला पहिला पदवीधर मी. आईच्या पाठीवरचे वळ पाहिले, आणि व्याख्याने दिली ती फक्त वेशीबाहेरच्या अन्यायावर. कायदा ज्याला हिंसा म्हणतो, त्याला आमची समीक्षा अजून घरगुती बाब समजते. मग विद्रोह कोणाविरुद्ध?