सूत्राची शुद्धता आणि गणनेतील दोष : फोर्साइथ यांच्या लेखाचे पुनर्वाचन

संगणकीय आकडेमोडीतील फसगतींविषयी जॉर्ज फोर्साइथ यांचा लेख १९७० साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गणिताचे पुस्तक तेवढे पुरेसे का नाही, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. फोर्साइथ हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाचे संस्थापक. त्यांचा लेख आज वाचताना त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा अशा दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात.

लेखातील एक उदाहरण घातांकी फलनाचे आहे. उणे ५.५ या घातासाठी पाठ्यपुस्तकातील घातश्रेणी पाच सार्थ अंकांच्या अंकगणिताने मिळवत गेल्यास ०.००२६३६३ हे उत्तर येते; खरे उत्तर ०.००४०८६८ च्या जवळ आहे. श्रेणीतील एक पद चाळीसच्या पुढे जाते, पदांची चिन्हे आलटून-पालटून बदलतात, आणि एवढ्या मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहानसे उत्तर उरताना त्यातील विश्वसनीय अंक नाहीसे होतात. हीच श्रेणी अधिक ५.५ साठी मिळवून तिचा व्यस्त घेतला की दोष दूर होतो.

हे जुन्या यंत्रांचे दुखणे होते, असे मात्र समजू नये. आजच्या डबल प्रिसिजन अंकगणितातही ज्या वर्गसमीकरणात क्ष-वर्गाचा सहगुणक १, क्ष चा सहगुणक उणे १० कोटी आणि स्थिर पद १ आहे, त्याचे लहान मूळ शालेय सूत्राने ०.००००००००७४५ येते. खरे मूळ ०.००००००0१, म्हणजे जवळजवळ २५ टक्के चूक! प्रोग्राममधील ओळ पुस्तकातील सूत्राशी अक्षरशः जुळते, कंपायलरची काही तक्रार नसते. आपल्या पदवी वर्गांच्या प्रॅक्टिकलमध्ये दोषशोधन म्हणजे विसरलेला अर्धविराम, चुकलेला कंस आणि शेवटी पुस्तकातील उत्तराशी पडताळा, एवढाच अर्थ बहुधा घेतला जातो. त्या अर्थाने हा प्रोग्राम निर्दोषच ठरेल.

मग दोष ओळखायचा कसा? मुळांचा गुणाकार १ यायला हवा. येथे तो ०.७४५ येतो. म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा एखादा गणिती संबंध सूत्रावर उलट तपासायचा. संख्याशास्त्रातील प्रचरणाचे, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाचे, उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १०० कोटी अधिक ४, ७, १३ आणि १६ अशा चार निरीक्षणांचे नमुना-प्रचरण ३० आहे. वर्गांच्या बेरजेतून बेरजेचा वर्ग भागिले चार वजा करणारे प्रचलित सूत्र मात्र डबल प्रिसिजनमध्ये उणे १७०.६७ दाखवते. प्रचरण ऋण असूच शकत नाही, म्हणून निदान ही चूक लपत नाही. प्रत्येक निरीक्षणातून १०० कोटी वजा केल्यास प्रचरण बदलता कामा नये; तसे करून पाहिले की त्याच सूत्राने ३० मिळते आणि दोषाची जागा कळते. वेल्फर्ड यांनी १९६२ मध्येच यावर सुरक्षित पर्याय दिला होता.

फोर्साइथ यांच्या विवेचनाची मर्यादा याच्या पुढे सुरू होते. ते प्रत्येक सूत्र सुटे घेऊन तपासतात. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये एका सूत्राचे उत्तर दुसऱ्यात जाते, आणि तेथे अर्धवट दुरुस्ती मूळ दोषाहून घातक ठरू शकते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट यंत्रणा इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत सांत रूपात लिहिता येत नाही. ती २४ बिटांत छाटली गेल्याने १०० तासांच्या सलग वापरानंतर ०.३४ सेकंदांचा फरक पडला होता. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. ही हकिकत बहुतेक ठिकाणी येथेच थांबते. परंतु रॉबर्ट स्कील यांनी १९९२ मध्ये 'सियाम न्यूज'मध्ये दाखवून दिले की, वेळेच्या रूपांतराची अधिक अचूक रीत प्रोग्राममध्ये काही ठिकाणी घातली गेली होती, सर्व ठिकाणी नव्हे. दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या तर वजाबाकीत ती चूक बव्हंशी निघून गेली असती. एक वेळ सुधारलेली व दुसरी जुनी, म्हणून फरक तसाच राहिला.

येथे चुकलेल्या ओळीचा शोध घेऊन भागत नाही. ती राशी ज्या ज्या सूत्रांत वापरली आहे, त्या सर्वांचा माग काढावा लागतो. फोर्साइथ यांच्या लेखात या कामाची रीत सापडत नाही. आपल्या संख्यात्मक पद्धतींच्या प्रॅक्टिकलमध्ये एकेका सूत्राचा स्वतंत्र प्रोग्राम लिहून घेतला जातो, तोवर विद्यार्थ्यासमोर हा प्रश्न उभा राहण्याचाही संभव नाही.