खटारा आणि क्लँकर

शिव्या द्यायच्याच तर त्या यंत्रांना द्याव्यात, असं माझं जुनं मत आहे. माणसाला दिली तर तो उलटून देतो, देवाला दिली तर पाप लागतं. यंत्र बिचारं ऐकून घेतं. वरंध गावापासून वाघजाईच्या देवळापर्यंत घाटाच्या प्रत्येक वळणावर माझ्या स्कूटरने ‘खटारा’, ‘डबडं’ आणि ‘भंगार’ हे शब्द माझ्या तोंडून ऐकलेले आहेत. मग ती तापून बंद पडते आणि मी भजी खातो.

परवा मागच्या सीटवर पुण्याचा पुतण्या होता. इंजिन गार होईपर्यंत त्याने मला एक नवी शिवी शिकवली : ‘क्लँकर’. म्हणजे साधारण ‘खडखड्या’. ‘स्टार वॉर्स’मधले सैनिक यंत्रसैनिकांना असं हिणवतात. २०२५ साली अमेरिकेतल्या पोरांनी ती उचलली आणि रोबोटपासून बोलणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना लावून टाकली. रागही समजण्यासारखा आहे. नोकरी जाण्याची धास्ती, त्यात ते यंत्र चुकीचं उत्तर छातीठोकपणे देणार!

मग त्याने फोनवर त्यातले विनोद दाखवले. एकात मुलगी रोबोट जावई घरी आणते आणि बापाचा तिळपापड होतो. मी खो खो हसलो. दुसऱ्यात हॉटेलवाला रोबोटला दारातच अडवून म्हणतो, तुमच्यासारख्यांना इथे वाढत नाही. तिथे भजं माझ्या घशात अडकलं.

कारण हा प्रवेश मी पाहिला होता. आमच्या घरी पडवीच्या वळचणीला एक कानतुटकी कपबशी वेगळी ठेवलेली असे. ती कुणासाठी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. तिच्यात वरून चहा ओतायचं काम माझ्याकडे होतं.

“पण काका, रोबोट काय माणूस आहे? त्याला काय वाटणार?”

मुद्दा बिनतोड होता. पण आम्ही बसलो होतो त्या घाटाखालीच महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली आणि पुढे सवर्णांनी ते तळं विधिपूर्वक ‘शुद्ध’ करून घेतलं. आता तळ्याला काय वाटणार होतं? पाण्याला ना विटाळ कळतो, ना पंचगव्य. तो विधी पाणी प्यायलेल्या माणसांना ऐकवायला होता. निर्जीवाच्या आडून माणसाला बोलण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे.

‘रोबोट’ हा शब्द तरी कुठून आला? कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या ‘आर. यू. आर.’ नाटकातून. तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायची वेठ. कोकणात खोताकडे राबलेल्यांना हा अर्थ शब्दकोश न उघडता कळला असता.

म्हणून मला खटारा आणि क्लँकर यांत फरक वाटतो. खटारा हा कामावरचा शेरा आहे. गाडी नीट चालली की तो पुसता येतो. क्लँकर जन्मावरून ठरतो. त्याने कितीही चोख काम केलं तरी तो क्लँकरच, आणि दाराबाहेरच. साचा जुनाच, माणसाच्या जागी पत्रा ठेवला एवढंच. पत्र्याला लागत नाही, हे कबूल. पण तोंडाला वळण लागतं, आणि विनोद पाहणाऱ्यांत एखादा त्या कपबशीतून चहा प्यायलेलाही असतो.

“मग यंत्र चुकलं तर म्हणायचं काय?”

“गाढव म्हण.”

“गाढवाने काय केलंय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उठून किक मारू लागलो. पाचव्या किकला स्कूटर चालू झाली आणि ‘खटारा’ हा शब्द मी तिथल्या तिथे मागे घेतला. कपबशीचं तसं करता येत नाही.