आनंदाची निवड आणि दुःखाचा हिशेब : 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धेचे रूप

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी मराठी समीक्षेने फारसे मतभेद कधी दाखविले नाहीत. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची साधी भाषा, सहज निवेदन आणि निर्मळ विनोद यांचा गौरव बहुतेक अभ्यासकांनी केला आहे. या गौरवात एक गृहीतक दडलेले असते. लक्ष्मीबाईंची प्रसन्नता ही त्यांच्या स्वभावाची देणगी होती, आणि तिचा त्यांनी स्वीकारलेल्या ख्रिस्ती श्रद्धेशी असलेला संबंध केवळ चरित्रात्मक तपशिलापुरता आहे, असे ते गृहीतक होय. त्यामुळे विनोद वाङ्मयसमीक्षेकडे आणि श्रद्धा धर्मेतिहासाकडे, अशी या ग्रंथाची वाटणी होऊन गेली. ही वाटणी ग्रंथावर अन्याय करणारी आहे, असे मला वाटते. 'स्मृतिचित्रे'तील आनंद हा स्वभाव कमी आणि निर्णय अधिक आहे, आणि हा निर्णय हेच तेथील श्रद्धेचे वाङ्मयीन रूप आहे, असे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम त्या जीवनातील हालअपेष्टांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घरात वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात येऊ द्यायची नाही, या हट्टापायी सारे कुटुंब वेठीस धरलेले. अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. पती कवी, विद्वान, उदार, आणि तितकेच तापट व लहरी. न सांगता घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेवर उधळून टाकणे हे नित्याचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला चार-पाच वर्षांचा वियोग आला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान मूल, नातलगांचा आधार, आणि मुक्काम पंढरपूरसारख्या क्षेत्री. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या तरी आरंभी आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. जातिभेद माणसाने निर्माण केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला, आणि मगच १९०० च्या सुमारास त्या ख्रिस्ती झाल्या. प्लेग, दुष्काळ, अनाथ मुलांनी भरलेले घर आणि पैशाची कायमची ओढाताण हे त्यानंतरचे आयुष्य.

या सामग्रीतून करुण आत्मचरित्र लिहिणे सोपे होते, धर्मप्रचाराचे आत्मचरित्र लिहिणे त्याहून सोपे. मराठीत दुसऱ्या प्रकारचा आदर्श उपलब्धही होता. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राची रचना अंधारातून प्रकाशाकडे अशी आहे. नावातच ती सूचित होते. तेथे धर्मांतर हा कथेचा शिखरबिंदू आहे आणि आधीचे सारे आयुष्य त्या शिखराची पायवाट. 'स्मृतिचित्रे'त असा शिखरबिंदू शोधू गेल्यास हाती लागत नाही. बाप्तिस्म्यापूर्वीची आणि नंतरची लक्ष्मी एकाच आवाजात बोलते. जुन्या धर्माविषयी कडवटपणा नाही, नव्याचे पोवाडे नाहीत. म्हणूनच अनेकांना हे पुस्तक धर्मनिरपेक्ष विनोदाचे वाटले असावे. परंतु श्रद्धेचा उच्चार कमी असणे आणि श्रद्धा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचे स्मरण उपयोगी ठरते. हे पत्र बंदिवासातून लिहिले गेले आणि त्यात आनंद करण्याविषयी वारंवार सांगितले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथील क्रियापद आज्ञार्थी आहे. भावनेला आज्ञा देता येत नाही, कृतीला देता येते. म्हणजे ख्रिस्ती परंपरेत आनंद हा मुळातच परिस्थितीने उत्पन्न केलेल्या सुखाहून निराळा मानला गेला आहे. परिस्थिती प्रतिकूल असताना माणसाने घ्यावयाची ती एक भूमिका आहे. अशी भूमिका वाङ्मयात उतरते ती विधानांतून नव्हे, तर निवेदनाच्या रीतीतून. 'स्मृतिचित्रे'चा विचार या अंगाने व्हावयास हवा.

या निवेदनाचा पहिला विशेष म्हणजे विनोदाचे स्थान. लक्ष्मीबाईंचा विनोद बहुधा जेथे तक्रार पूर्णपणे न्याय्य ठरली असती नेमका तेथेच प्रकट होतो. घरखर्चाला पैसा नाही आणि पतीने आहे तोही देऊन टाकला, अशा प्रसंगी निवेदक वाचकाची सहानुभूती मागत नाही. ती प्रसंगाची विसंगती दाखविते आणि त्या विसंगतीत स्वतःलाही सामील करून घेते. हसू केवळ टिळकांवर असते तर तो सूड झाला असता. केवळ स्वतःवर असते तर ती शरणागती झाली असती. दोघांनाही एकाच चौकटीत बसवून पाहिल्यामुळे तेथे क्षमेला जागा निर्माण होते.

दुसरा विशेष संबोधनाचा. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात पतीचा निर्देश आदरार्थी 'स्वतः' या शब्दाने येतो. सांगणारी स्त्री पतीच्या छायेत उभी आहे हे त्या एका शब्दावरून कळते. लक्ष्मीबाई सरळ 'टिळक' म्हणतात. या आठवणींचा उगम टिळकांच्या चरित्रासाठी पुत्र देवदत्त यांनी आईकडे मागितलेल्या माहितीत आहे. पण मागितलेली माहिती लिहिता लिहिता ती स्वतःच कथेचा विषय झाली. आनंद निवडणारी ही स्त्री मिटून गेलेली नाही, ती आपल्या नावाने उभी आहे, हा मुद्दा पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

कारण याच ठिकाणी एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. दुःखातही आनंदी राहा, हा उपदेश आपल्या समाजात नेहमी सोसणाऱ्यालाच केला जातो. सासुरवाशिणीला, शेतमजुराला, विधवेला. दुःख देणाऱ्याला तो कोणी करीत नाही. मग 'स्मृतिचित्रे'तील प्रसन्नता ही अन्यायाला दिलेली मूक संमती का मानू नये? गोरेगाव परिसरातील विद्यार्थ्यांपुढे हा ग्रंथ शिकविताना मला हा प्रश्न विद्यार्थिनींकडूनच अधिक ऐकावा लागला आहे. त्या प्रसंगांना हसतात, आणि मग विचारतात की ही बाई रागावत का नाही. कोरडवाहू शेतीच्या आणि ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराच्या या मुलखात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

या आक्षेपाला उत्तर ग्रंथातच शोधावे लागेल. लक्ष्मीबाई काहीही वगळीत नाहीत. टिळकांचा राग, त्यांचे न सांगता जाणे, वियोगातील अवहेलना आणि स्वतःची मनःस्थिती ढळल्याचे दिवस या सर्वांची नोंद या पानांवर आहे. विशेषतः वियोगाच्या कालखंडात विनोद मागे सरतो, आणि त्या दुःखावर हास्याचा मुलामा चढविण्याचा मोह निवेदिका टाळते. सोसणाऱ्याच्या तोंडी घातलेला आनंद हिशेब पुसून टाकतो. लक्ष्मीबाईंचा आनंद हिशेब पूर्ण मांडून झाल्यावर वसुलीचा हक्क सोडून देतो. या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे. पहिल्यात स्मृती मारली जाते. दुसऱ्यात ती जपली जाते, म्हणूनच त्या क्षमेला अर्थ येतो. ग्रंथाला 'स्मृतिचित्रे' हे नाव असावे, यात औचित्य आहे.

हा आनंद मराठीला अपरिचित नव्हता. टिळकांवर तुकारामांचा संस्कार किती खोल होता हे सर्वज्ञात आहे. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि कीर्तन यांची वाट मोकळी करून दिली. परंतु लक्ष्मीबाईंचे नाते मला अधिक जवळचे वाटते ते गंगाखेडच्या जनाबाईंशी. ज्यांच्या घरी जनाबाई राबल्या त्या नामदेवांचे जन्मस्थान परंपरेने आमच्याच जिल्ह्यातील नरसी मानले जाते. जनाबाईंच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, शेणी वेचणे या दासीच्या कामांतच देव येऊन हात लावतो. कष्ट संपत नाहीत, पण त्यांतले एकटेपण संपते. लक्ष्मीबाईंच्या घरकामात असा देव प्रत्यक्ष येत नाही. साक्षात्काराचे प्रसंग त्या रंगवीत नाहीत. त्यांच्याकडे येतात ती माणसे. दुष्काळाने पोरकी झालेली मुले येतात, प्लेगने आजारी पडलेल्या शाळकरी मुली येतात, आणि सोवळ्याच्या घरात वाढलेली ही स्त्री त्यांची शुश्रूषा करते. जनाबाईंच्या अनुभवात देव सोबतीला आल्यामुळे काम हलके होते. लक्ष्मीबाईंच्या अनुभवात दुसऱ्याचे काम अंगावर घेतल्याने स्वतःचे दुःख हलके होते. ख्रिस्ती श्रद्धेतील सेवेचे तत्त्व येथे कोणत्याही प्रवचनाविना मराठी स्वयंपाकघरात उतरले आहे.

तथापि एक मर्यादा नोंदविल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. लक्ष्मीबाईंनी गमावले ते ब्राह्मण घरातील स्थान, आणि जे गमावले त्याचा त्याग त्यांना निवडता आला. महाराष्ट्रातील असंख्य ख्रिस्ती कुटुंबांकडे गमावण्यासारखे असे स्थान नव्हतेच. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेल्या बेथेलमध्ये किंवा नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत जे ख्रिस्ती झाले त्यांत महार-मांग समाजातील लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या हालअपेष्टा धर्मांतराने सुरू झाल्या नाहीत आणि संपल्याही नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. रविवारी हाती टिळकांची गीते आणि सोमवारी तोच रोजगाराचा शोध, अशा घरातील आनंदाची निवड ही लक्ष्मीबाईंच्या निवडीहून अधिक कठीण आहे, आणि तिचे 'स्मृतिचित्रे' लिहिले जाणे बाकी आहे. ते लिहिले जाईल तेव्हा त्यातील हास्य कदाचित इतके निर्मळ नसेल. त्यात धार असेल, आणि ती असावयासही हवी. वसुलीचा हक्क सोडणे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. समाजाने ते त्याच्या वतीने ठरविणे हा दुसरा अन्याय होय.

या मर्यादेने 'स्मृतिचित्रे'चे मोल घटत नाही, उलट तिच्यामुळे ते नेमके होते. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' ९ मे १९१९ रोजी त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. टिळकांचे अध्याय दहा-अकराच. पुढची फार मोठी रचना शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी केली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली ते महाकाव्य प्रसिद्ध झाले. पतीचे अपुरे राहिलेले काम पुरे करीत राहणे, हे एका अर्थाने त्यांच्या साऱ्या संसाराचेच सूत्र होते. 'ख्रिस्तायन'मध्ये त्यांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध केले. त्या चरित्राचा स्वतःच्या जगण्यावर उमटलेला ठसा मात्र 'स्मृतिचित्रे'च्या गद्यात पाहावा लागतो. पहिला ग्रंथ आज अभ्यासकांपुरता उरला आहे, दुसरा घरोघरी वाचला जातो. श्रद्धा सांगण्यापेक्षा ती जगण्यातून दिसू देणे वाङ्मयाला अधिक मानवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कौतुक आपण खूप केले. त्या विनोदाची त्यांनी मोजलेली किंमत आता समीक्षेने मोजावयास हवी.